जोडी आहे, बाई

रविवारच्या जुन्या बाजारात
पितळी नळ आणि मुंडकं उडालेले संत यांच्यामध्ये
ती दोन डंबेल्स पडली होती, गंजून,
एकमेकांकडे पाठ करून.
"जोडी आहे, बाई," विकणारा म्हणाला.
मी विश्वास ठेवला,
जसा एकदा आधीही ठेवला होता,
पांढऱ्या कपड्यात, नोंदणी कचेरीच्या पायरीवर.

मोन्तेविदेओचा जुलै. नदीवरचा वारा
खिडकीच्या फटीतून शिरतो
आणि थेट गुडघ्यांची चौकशी करतो.
वय बासष्ट. एकतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले,
उजवा हात त्यामुळे हातोडा.
डाव्या काखेत, इथे सगळ्यांच्याच असतो तसा,
गरम पाण्याचा थर्मास,
येर्बाच्या कडू काढ्यासाठी, जन्मभर.
तो हात धरून ठेवतो. उचलत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाली, हाडं विरळ होतायत,
घरच्या घरी वजन उचला.
म्हटलं, आजवर दुसरं काय केलं?
ती हसली नाही. तरुण होती.

पहिल्या दिवशी सहा वेळा.
सातव्याला डावा हात अर्ध्यात अडकला,
जशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते
आणि आतला माणूस उगाच टाय सारखा करतो.
मी हात टेकले.
म्हणजे खरंच, टेबलावर.

आठवडाभर वाटत राहिलं,
डावी बाजू आधी म्हातारी झाली.
मग एका दुपारी दोन्ही पिशवीत घालून
नेरेओ भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवली,
बटाट्याची माती झटकून.
एक चार किलो.
एक पाच.
"कांद्याचा भाव लावू?" नेरेओ म्हणाला,
आणि मी हसत सुटले, रांग बघत राहिली.

बावीस वर्षं मला वाटायचं, मीच कमी पडते.
आरिओस्तो नदीपलीकडे निघून गेला
त्या बोटीच्या धक्क्यावरही हेच वाटलं.
काट्यावर ठेवून बघू या,
असं कुणाला सुचलंच नव्हतं.

आता दर खेपेला हात बदलते.
पाच इकडे, चार तिकडे, मग उलट.
उचलताना श्वास सोडायचा, उतरवताना घ्यायचा,
हेही उलटंच करत होते.
मोजताना आठनंतर एकदम दहा येतात कधी कधी.
नऊची तक्रार आलेली नाही.

तक्रार खालच्या ओफेलियाची. झाडूच्या दांड्याने
छत ठोकते, तीनदा, दम घेऊन पुन्हा तीनदा.
मी गालिचा चौपदरी घातला. तरी ठोकते.

सप्टेंबरात, आंघोळीनंतर
आरशावरची वाफ पुसताना
पुसणाऱ्या दंडात काहीतरी हललं.
एवढीशी बेटकुळी.
हात खाली केला, तिने बुडी मारली.
वर केला, आली.
सात-आठ वेळा तिला बाहेर काढली,
मधल्या सुट्टीतल्या पोरासारखी,
मग लाजून टॉवेल घेतला,
मग टॉवेल टाकला.
दंडाखालची कातडी तशीच लोंबते, झोळीगत.
तिला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

त्याच आठवड्यात लिफ्ट बंद
आणि गॅसवाल्या पोराने सिलिंडर खालीच टेकवून पळ काढला.
पूर्वी मी कुणाचीतरी वाट पाहत बसले असते.
आता एकेक पायरी. उचल. टेक. शिवी. उचल.
पहिल्या मजल्यावर दार किलकिलं झालं,
झाडूशिवायची ओफेलिया, घरच्या चपलांत.
माझ्या दंडाकडे बघत राहिली.
"रोज धडधडतं ते हे होय?"
उत्तर द्यायला श्वास नव्हता.
तिने कडीची दुसरी बाजू धरली.

वर आल्यावर काढा करायला घेतला
तर दोघींनाही थर्मासचं झाकण उघडेना,
इतके हात थरथरत होते.
जाताना चार किलोचं मागून घेऊन गेली,
दोन दिवसांसाठी.

त्याला तीन आठवडे झाले.
रोज सकाळी सात वाजता
खालून धप्प आवाज येतो.
मी झाडू शोधते आहे.